सायक्लोन टेलरच्या चरित्रातलं जहाज

व्हँकुव्हरमध्ये डेनमन आणि जॉर्जिया हे दोन रस्ते जिथे मिळतात, तिथे आज समुद्राला लागून एक बाग आहे. लोक कुत्री फिरवायला येतात, समोर शिडाच्या बोटी बांधलेल्या असतात. 1911 च्या डिसेंबरात याच जागी डेनमन अरीना हे आइस हॉकीचं क्रीडागृह उघडलं. आत यंत्रानं गोठवलेला बर्फ आणि भोवती साडेदहा हजार माणसांची सोय. 1936 साली ते आगीत गेलं. इथून समुद्र डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे चालत निघालं, की पंधरा-वीस मिनिटांत दुसरी एक जागा लागते. तिथे 2012 पासून कोमागाता मारूचं, 1914 साली हिंदुस्थानी प्रवाशांना घेऊन आलेल्या आणि परत हाकललेल्या जहाजाचं स्मारक आहे. गेल्या उन्हाळ्यात मी हे अंतर चाललो. पाण्यावरून छोटी विमानं उडत होती, पलीकडे डोंगर स्वच्छ दिसत होते, आणि मला सारखं वाटत होतं की या दोन जागांच्या मधल्या वाटेवर एका माणसाच्या नावाची पाटी असायला हवी होती.

तो माणूस म्हणजे फ्रेड टेलर, ‘सायक्लोन’ टेलर. आइस हॉकीच्या पहिल्या पिढीतला सर्वांत नावाजलेला व्यावसायिक खेळाडू. हॉकीवाले त्याची आठवण काढतात ती डेनमन अरीनाच्या टोकाला. कोमागाता मारूबद्दल बोलणाऱ्यांत कधीमधी त्याचं नाव निघतं ते दुसऱ्या टोकाला. माझं म्हणणं असं की हे एकच चरित्र आहे, त्याचे दोन तुकडे केले तर दोन्ही कळत नाहीत, आणि खेळाडूंचा गौरव करणाऱ्यांनी ते अख्खं सांगायला हवं. का, ते सांगण्यासाठी आधी हॉकीकडे जावं लागेल, कारण टेलरवर पहिला अन्याय तिथे झाला.

ऑन्टॅरिओ प्रांतातलं टारा हे त्याचं जन्मगाव, पण तो वाढला लिस्टोवेलमध्ये. घरची बेताची परिस्थिती, शाळा लवकर सुटली, पियानोच्या कारखान्यात काम. हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावर मात्र त्याच्याइतकं वेगानं धावणारं पोर पंचक्रोशीत नव्हतं. ते टोरांटोपर्यंत कळलं. ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशनच्या चिटणिसांनी त्याला टोरांटोच्या मार्लबरोज संघाकडून खेळायला बोलावलं. त्यानं नाही म्हटलं. तेवढ्यावरून त्याला प्रांतभर कुठेच खेळायला बंदी झाली. 1904-05 चा अख्खा हंगाम विशीतल्या त्या पोरानं नुसता बघत काढला.

ही असोसिएशन ‘हौशी’ खेळाची राखणदार म्हणवून घेत होती. खेळासाठी पैसे घेणारा खेळाडू तिच्या लेखी बाटलेला. आपल्याकडेही ‘धंदेवाईक’ हा शब्द खेळाडूला लावताना ओठ जरा मुडपलेच जातात. कबड्डीपटूंच्या बोली लागायला लागल्या तेव्हाही ‘खेळात पैसा आला, खेळ गेला’ हे आपण ऐकलंच. पण हौसेनं खेळणं परवडतं कोणाला? ज्याची पगारी नोकरी हिवाळाभर थांबू शकते, किंवा ज्याच्या वडिलांचं दुकान चालू आहे, त्याला. पियानोच्या कारखान्यातल्या पोराला खेळायचं तर मजुरी बुडणार. हौशीपणाचा नियम वरून सोवळा दिसतो, आतून तो कोणी खेळावं आणि कोणी खेळू नये हे ठरवणारा नियम होता. शिवाय संघासाठी माणूस हवा तेव्हा हीच मंडळी त्याला त्याच्या गावातून हलवायला तयार होती. फक्त कुठे हलायचं हे त्यानं स्वतः ठरवायचं नव्हतं.

टेलरनं ठरवलं. 1906 च्या सुरुवातीला तो प्रांत सोडून मॅनिटोबातल्या पोर्टाज ला प्रेरीला गेला. तिथून थेट सरहद्द ओलांडून अमेरिकेत, मिशिगनमधल्या हॉटनला. हॉटन हा तांब्याच्या खाणींचा मुलूख. खाणवाल्यांच्या पैशावर तिथे हॉकीची पहिली उघड उघड पगारी लीग 1904 पासून चालू होती. टेलरला उरलेल्या हंगामाचे 400 डॉलर आणि खर्च मिळाला. सरहद्दीवर त्याला कोणी अडवलं नाही. तू थेट आलास की वाटेत थांबलास, असं विचारलं नाही. खिशात किती आहेत ते दाखव, असंही म्हटलं नाही. त्या काळी कॅनडातला गोरा तरुण हॉकीची काठी घेऊन अमेरिकेत खेळायला जातो, यात विशेष काही नव्हतंच. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात ठेवावं लागतं.

1907 साली ती लीग मोडली आणि टेलर ऑटावाला आला. त्याला संघात आणायचं तर पगाराबरोबर पक्की नोकरीही द्यावी लागणार होती. ती मिळाली सरकारात, गृहखात्याच्या इमिग्रेशन शाखेत, महिना 35 डॉलरवर कारकुनी. खेळाडू कोट्यातली नोकरी आपल्याला नवी नाही. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांवर आपली कबड्डी, खो-खो, कुस्ती कित्येक वर्षं पोसली गेली आहे. मैदानावरची उमेद दहा-बारा वर्षांची, पोट मात्र जन्माचं, म्हणून खेळाडू अशी नोकरी घट्ट धरतो. टेलरनंही धरली. 1950 पर्यंत तो त्याच खात्यात राहिला आणि ब्रिटिश कोलंबिया व युकॉनचा इमिग्रेशन कमिशनर होऊन निवृत्त झाला.

जानेवारी 1908. ऑटावाच्या नव्या मैदानावर माँट्रियल वाँडरर्सशी सामना होता. प्रेक्षकांत गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे होते. तेव्हाची हॉकी सात जणांची. बदली खेळाडू जवळजवळ नाहीतच, जो उतरला तो साठ मिनिटं खेळला. पुढे पास देता येत नव्हता, त्यामुळे चेंडूच्या जागची ती रबरी चकती, पक, काठीच्या टोकाला ठेवून समोरच्या गर्दीतून स्वतःच घुसावं लागे. म्हणजे खरं भांडवल पायांत. टेलरचा तो वेग पाहून ग्रे म्हणाले, हा तर सायक्लोनच आहे. बातमीदारानं ते ऐकलं आणि नाव कायमचं चिकटलं.

त्याच जानेवारीत, ग्रे ज्या सरकारचे नामधारी प्रमुख होते त्या सरकारनं एक हुकूम काढला. जो माणूस आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून एकाच तिकिटावर, वाटेत न थांबता कॅनडात आला नसेल, त्याला उतरू द्यायचं नाही. हाच ‘अखंड प्रवासा’चा नियम. हुकमात हिंदुस्थानचं नाव कुठेच नाही. पण हिंदुस्थानातून व्हँकुव्हरला विनाथांबा येणं अशक्य होतं, आणि ज्या कंपनीचं थेट तिकीट कलकत्त्याला मिळायचं तिला ते विकणं बंद करायला लावलं होतं. शिवाय आशियातून येणाऱ्याच्या खिशात 200 डॉलर हवेत असा आणखी एक नियम झाला. या हुकमांचा अंमल ज्या खात्यानं करायचा, त्याच खात्यात टेलर नुकताच चिकटला होता. एका महिन्यात त्याला टोपणनाव मिळालं आणि त्याच्या टेबलाला हे काम. अर्थात तेव्हा त्याच्या हे गावीही नसणार.

पुढच्या दोन वर्षांत टेलर काय कमावता झाला ते बघा. 1909 साली ऑटावानं स्टॅन्ली कप, हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, जिंकला, त्यात तो होता. त्याच वर्षी डिसेंबरात नॅशनल हॉकी असोसिएशन ही नवी लीग निघाली आणि रेनफ्रू या गावानं त्याला उचललं. रेनफ्रू हे दूधदुभत्याचं छोटं गाव, संघाचं नावच ‘क्रीमरी किंग्ज’. पण तिथले ओब्रायन बापलेक कोबाल्ट या गावच्या खाणींतल्या चांदीवर गब्बर झाले होते आणि त्यांना कप गावात आणायचाच होता. टेलरला 12 सामन्यांचे 5,250 डॉलर दिले गेले. बेसबॉलचा राजा समजला जाणारा टाय कॉब त्या काळात वर्षाला 6,500 डॉलर घेत होता, पण त्याला त्यासाठी 154 सामने खेळावे लागत. टेलरच्या एका सामन्याचा हिशेब निघतो 437 डॉलरच्या वर. पंजाबातल्या शेतकऱ्याला कॅनडात नुसतं उतरण्यासाठी जी रक्कम दाखवायची होती, तिच्या दुपटीहून जास्त.

ऑटावाच्या लोकांना हे रुचलं नाही. रेनफ्रूचा गडी होऊन तो त्यांच्या मैदानावर उतरला तेव्हा त्याच्यावर लिंबं आणि बाटल्या आल्या. गद्दार म्हणणारे होतेच. (त्या सामन्याआधी त्यानं म्हणे फुशारकी मारली होती की ऑटावावर उलटं स्केटिंग करून गोल करीन. पुढे रेनफ्रूच्या मैदानावर त्यानं पाठमोरं वळत एक गोल केला आणि दंतकथा तयार झाली. कॅनडात आजही टेलर म्हटलं की लोक आधी हेच सांगतात.) इतका खर्च करूनही रेनफ्रूला कप मिळाला नाही आणि 1911 साली संघ मोडला. खेळाडू वाटून टाकले गेले. टेलर वाँडरर्सच्या वाट्याला आला. त्याला न विचारता. त्याची नोकरी ऑटावात, जिच्याशी लग्न करायचं ती थर्झा कुक ऑटावात, त्याला तिथेच खेळायचं होतं. तो एक सामना खेळलाही, तर निलंबित झाला. दुसऱ्यांदा एक हंगाम गेला.

मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो तो याच ठिकाणी. माझं काम कुठे करायचं ते मी ठरवणार, माझा घाम जिथे मोलाचा तिथे मी जाणार, आणि कुणाच्या वहीत माझं नाव लिहिलंय म्हणून मी कुणाच्या मालकीचा होत नाही, हे तो दोन वेळा घरी बसून, पदरचं घालवून म्हणाला. 1910-11 मध्ये लीगच्या मालकांनी एका संघाच्या एकूण पगारावर 5,000 डॉलरची मर्यादा घातली. म्हणजे आदल्या वर्षी एकट्या टेलरला मिळाले त्याहून कमी पैशात आता अख्खा संघ बसवायचा. आर्ट रॉससारखे खेळाडू त्याविरुद्ध उभे राहिले. आज हॉकीपटू कोट्यवधी मिळवतात, करार नाकारू शकतात, संघ बदलू शकतात. त्याची पहिली किंमत या मंडळींनी मोजली आहे. त्यांना ‘पैशाच्या मागे धावलेले’ म्हणणं हा कृतघ्नपणा आहे.

1912 साली टेलर पार पश्चिमेला व्हँकुव्हरला गेला. पॅट्रिक बंधूंनी वडिलांच्या लाकूडधंद्याच्या पैशातून तिथे नवी लीग आणि कृत्रिम बर्फाची मैदानं उभी केली होती. संघाचं नाव मिलियनेअर्स. खात्यानं बदली दिली, व्हँकुव्हर बंदराच्या इमिग्रेशन कचेरीत. थर्झाच्या घरच्यांना हॉकीवाला जावई नको होता. बँकेत 10,000 डॉलर साठल्याशिवाय लग्न करणार नाही असं त्यानं ठरवलं होतं, असं सांगतात. मार्च 1914 मध्ये ते लग्न झालं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, 23 मे 1914 ला, कोमागाता मारू बर्रार्ड खाडीत येऊन उभं राहिलं.

बाबा गुरदित सिंग यांनी भाड्यानं घेतलेलं हे जपानी जहाज 4 एप्रिलला हाँगकाँगहून निघालं होतं. वर 376 प्रवासी. 340 शीख, 24 मुसलमान, 12 हिंदू, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. टेलरही त्याच राजाचा प्रजाजन, कागदावर दर्जा एकच. जहाजावर चढणारा पहिला कॅनेडियन अधिकारी टेलर होता.

त्यांना धक्क्याला लागू दिलं नाही. किनाऱ्यापासून जवळच, गाव दिसेल अशा अंतरावर, जहाज दोन महिने नांगरून ठेवलं. भोवती पहाऱ्याच्या लाँचा. अन्न आणि पाणी देण्यात इतकी टाळाटाळ झाली की प्रवाशांवर तहानेनं व्याकूळ होण्याची वेळ आली. मुन्शी सिंग या एका प्रवाशाचा, सगळ्यांसाठी नमुना म्हणून चालवलेला खटला 6 जुलैला ब्रिटिश कोलंबियाच्या अपील कोर्टानं फेटाळला. 19 जुलैच्या रात्री ‘सी लायन’ ही टगबोट पोलीस आणि इमिग्रेशनची माणसं घेऊन जहाज ताब्यात घ्यायला गेली. जहाज उंच, बोट ठेंगणी. वरून दगडी कोळशाची ढेकळं आली, हाताला लागेल ते आलं आणि टगबोटीला माघारी फिरावं लागलं. मग ‘रेनबो’ ही युद्धनौका आणली. 23 जुलैला तिच्या तोफांच्या धाकात कोमागाता मारू परत निघालं, तेव्हा ते बघायला व्हँकुव्हरकर हजारांनी किनाऱ्यावर आणि गच्च्यांवर जमले होते. आधीपासून कॅनडात राहून परतलेले वीसेक प्रवासी आणि जहाजाचे डॉक्टर सहकुटुंब एवढेच काय ते उतरू शकले. 29 सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबजला परतलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला आणि किमान वीस जण मेले.

यातून उसळलेल्या रागात आपल्या मराठी मुलखाचाही वाटा आहे. पॅसिफिकच्या त्याच किनाऱ्यावर, अमेरिकेच्या बाजूला, ब्रिटिशांविरुद्ध हिंदुस्थानी क्रांतिकारकांची गदर चळवळ उभी राहत होती. पांडुरंग खानखोजे तिच्यात होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. कोमागाता मारूनं त्या चळवळीत तेल ओतलं. पिंगळे त्याच वर्षाअखेर हिंदुस्थानात परतले आणि 16 नोव्हेंबर 1915 ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले.

आणि टेलर? 1915 च्या मार्चमध्ये, डेनमन अरीनात, त्याच्या मिलियनेअर्सनी ऑटावाला सलग तीन सामन्यांत 6-2, 8-3, 12-3 असं लोळवून स्टॅन्ली कप जिंकला. जहाज हाकलल्याला आठ महिने झाले होते.

आता कोणी म्हणेल, तो साधा सरकारी नोकर होता, हुकूम वरून आला. खरं आहे. त्या प्रकरणाचे सूत्रधार इमिग्रेशन एजंट माल्कम रीड, खासदार स्टीव्हन्स आणि ऑटावातलं सरकार. टेलरला खलनायक करणं खोटं होईल, आणि मला ते करायचंही नाही. पण ‘नोकरी ही त्याच्या आयुष्याची बाजूची गोष्ट, आपण खेळाबद्दल बोलू’ हे मला पटत नाही. ब्रिटिश राजानं 1946 साली त्याला ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरचा किताब दिला तो हॉकीसाठी नव्हे, इमिग्रेशनमधल्या सेवेसाठी. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये तो 1947 साली गेला, म्हणजे नंतर. ज्या कामाबद्दल मान घेतला, ते काम चरित्रातून वगळायचं कसं?

दुसरं म्हणणं हमखास येतं ते काळाचं. तेव्हा सगळेच तसे होते, आजच्या फुटपट्टीनं मोजू नका. पण सगळे तसे नव्हते. एडवर्ड बर्ड नावाचा गोरा वकील त्याच व्हँकुव्हरमध्ये या प्रवाशांची बाजू लढत होता. लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या तिथल्या शिखांनी हुसेन रहीम, भाग सिंग यांच्या पुढाकारानं जहाजाच्या भाड्यासाठी डॉलर-डॉलर जमवून हजारोंची रक्कम उभी केली. ती माणसंही 1914 मधलीच होती. ‘तो काळच तसा होता’ म्हणताना आपण त्यांना त्या काळातून वगळतो. आणि माणसांना जागा नव्हती असंही नाही. आदल्या वर्षी, 1913 मध्ये, चार लाखांवर परदेशी माणसं कॅनडात उतरली होती. अडवलं ते 376 ना.

माझी खरी तक्रार याहून खोल आहे. टेलरच्या हॉकीतल्या आयुष्याचं सार काय, तर कसबी माणसाला आपलं कसब घेऊन हवं तिथे जाता आलं पाहिजे. लिस्टोवेलहून पोर्टाज ला प्रेरी, तिथून हॉटन, ऑटावा, रेनफ्रू, व्हँकुव्हर. जहाजावरच्या माणसांचं म्हणणं यापेक्षा वेगळं काय होतं? त्यांच्या हातात हॉकीची काठी नव्हती, शेती आणि लाकूडतोडीचं बळ होतं. ‘हौशी’ या सोज्वळ शब्दाआडून टेलरला घरी बसवलं गेलं. ‘अखंड प्रवास’ या तितक्याच सोज्वळ शब्दाआडून त्यांना समुद्रात बसवलं गेलं. नियमात खऱ्या कारणाचं नाव लिहायचं नाही आणि नेमक्या नको त्या माणसालाच तो लागू होईल असा बेतायचा, ही युक्ती टेलरनं स्वतः भोगली होती. म्हणून त्याला ती ओळखू यायला हवी होती, असं मला वाटतं. आली असेलही. माणसाच्या मनातलं आपल्याला काय ठाऊक. पण त्याची गोष्ट सांगणाऱ्यांना तरी ती दिसायला हवी, आणि पाठमोऱ्या गोलाची दंतकथा सांगून झाल्यावर ते थांबतात याचा मला त्रास होतो.

2016 च्या मे महिन्यात कॅनडाच्या पंतप्रधानांनी पार्लमेंटात उभं राहून कोमागाता मारूबद्दल माफी मागितली. सरकारनं आपला भाग केला. खेळाच्या जगाला माफी मागायची गरज नाही, पण टेलरच्या नावानं व्हँकुव्हरच्या कनक्स संघाचं दरवर्षीचं मानाचं पारितोषिक आहे, प्रांतातल्या पोरांच्या स्पर्धेच्या एका कपालाही त्याचं नाव दिलं गेलं. ती नावं काढू नयेत. या नावावर त्याचा हक्क आहे, त्यानं ते पायांच्या जोरावर मिळवलंय. त्या कपासाठी ज्या गावांतली पोरं खेळत आली, तिथल्या बर्फावर आज पंजाबी पोरंही उतरतात, अधूनमधून एखादं मराठी पोरही दिसतं. पहाटे साडेपाचला डोळे चोळत बूट बांधणाऱ्या या मुलांना कपावरचा माणूस कोण, हे विचारावंसं वाटेल तेव्हा मोठ्यांकडे पूर्ण उत्तर हवं.

ते फार लांबही होणार नाही. फ्रेड टेलर, जन्म टारा, ऑन्टॅरिओ. 1904-05 मध्ये खेळायला बंदी. 1909 आणि 1915 चे स्टॅन्ली कप. 1910 साली 12 सामन्यांचे 5,250 डॉलर. मे 1914 मध्ये, व्हँकुव्हर बंदरात, इमिग्रेशन अधिकारी म्हणून कोमागाता मारूवर प्रथम चढला. त्या जहाजावरच्या 376 पैकी जेमतेम दोन डझन माणसांना किनाऱ्यावर पाऊल ठेवता आलं. मृत्यू व्हँकुव्हर, 1979.